योगायोगाला जागा नसलेली बाग

आमच्याकडे मुलगी पाहण्याचा एक प्रकार आहे, ज्याला कुणी मुलगी पाहणं म्हणत नाही. दोन्ही घरची माणसं एकाच वेळी एखाद्या देवळात जातात आणि तिथं त्यांची सहज गाठ पडते. मुलगा-मुलगी एकमेकांना बघतात, थोरली माणसं पाऊसपाण्याचं बोलतात, प्रसाद घेऊन सगळे आपापल्या घरी. पुढं जमलं नाही तरी कुणी कुणाला नाकारलेलं नसतं, कारण कुणी कुणाला पाहायला गेलेलंच नसतं.

मी या सगळ्याच्या विरोधात आहे. आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे पोत्यांसारखे थप्पी लावून असायचे. वडील ती छापून आणायचे, आम्ही दोघी बहिणी बाजाराच्या दिवशी वाटायचो आणि उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचो. मुलगी दाखवण्याविरुद्धचं पत्रक तर मला तोंडपाठ होतं. तरी मी गेले, कारण धाकटीला जायचं होतं.

ती नांदेडला एका लॅबमध्ये काम करते. रक्त तपासते, रिपोर्ट काढते, आणि ते काम तिला मनापासून आवडतं. मुलगा लातूरचा, शिकवणी घेणारा. उदगीरच्या मामानं आणलेलं स्थळ. मामा म्हणाला होता, "नोकरीला हरकत न्हाई त्यांची." हरकत नाही म्हणजे काय, कुठली नोकरी, लातुरात की नांदेडात, लग्नानंतर किती दिवस, हे काही तो सांगेना.

"ताई, मला त्याला एकच विचारायचंय," धाकटी म्हणाली. "नांदेडला येतो का म्हणून. फोनवर नाही. बोलताना तोंड बघायचंय मला त्याचं."

यासाठी देऊळ चाललं असतं. खांबाआड, बेलाच्या झाडाखाली, चपला शोधायच्या निमित्तानं दोन माणसांना दोन वाक्यं बोलता येतात. पण मामाला आधुनिक व्हायचं होतं.

"देवळात तेच ते. पोरं शिकलेली हायेत. त्या नव्या पार्कात भेटू. लातूरला बी मधी, नांदेडला बी मधी. लई मोठं हाय, मोकळं हाय."

लई मोठं होतं, यात वाद नाही. रस्त्याच्या कडेला उघड्या माळावर एक किल्ल्याचा दरवाजा उभा होता, फायबरचा, चार हत्ती शेजारी शेजारी आत जातील एवढा. त्याखालून आम्ही चौघं आत गेलो, मी, आई, धाकटी आणि मामा, आणि एकदम लहान झालो. समोर सिमेंटच्या ठोकळ्यांचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना हातभर उंचीची शोभेची झाडं, ज्यांच्या सावलीत मांजरही बसलं नसतं. खूप लांबवर एक डायनासोर. त्याच्या उजवीकडे, तितक्याच लांब, राजस्थानी खेडं. डावीकडे पाण्याची घसरगुंडी. सगळ्यात शेवटी आकाशपाळणा. मधे काहीच नाही. ज्यानं हे आखलं त्यानं खेळणी आधी कागदावर शक्य तितकी दूर ठेवली असावीत आणि उरलेल्या जागेला भव्यता म्हटलं असावं.

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झालं की बघून."

खरंच झालं होतं. जत्रेत गेल्यावर पुढच्या दुकानामागं काय आहे हे दिसत नाही, म्हणून तर पाय पुढं ओढतात. इथं फाटकातूनच शेवट दिसत होता, आणि तो गाठायला ऊन तुडवायचं होतं. त्यात प्रत्येक खांबावर भोंगा. जागा रिकामी वाटू नये म्हणून लावलेलं गाणं त्या रिकामेपणाला आणखी कर्कश करत होतं.

आणि आडवार असल्यामुळं आत माणूस नव्हता. म्हणजे होती, तीन माणसं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला डायनासोरच्या पायाशी उभी. एक काठापदराची साडी, एक पांढरी टोपी, एक निळा शर्ट.

"तिकडं बघू नका," मामा म्हणाला. "आपुन सहज आलोत."

"मामा, या सगळ्या माळावर ते आणि आपणच आहोत," मी म्हणाले.

"तू बोलू नकोस. तुझ्या पत्रकांपायी तुझं राहिलंय, आता हिचं तरी होऊ दे."

मग सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात लांब चालणं. ते आमच्याकडे येत होते, आम्ही त्यांच्याकडे जात होतो, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. आई झाडांकडे बघत होती. समोरची बाई आभाळाकडे बघत होती. वळायला गल्ली नाही, थांबायला दुकान नाही. मामानं दोनदा बुटाची नाडी बांधली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. अखेर तोंडं स्पष्ट दिसू लागली तेव्हा त्यानं दोन्ही हात पसरले.

"अरे, तुमी इकडं कसं काय?"

"सहज," मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले. "तुमी?"

"आमी बी सहजच."

पुढं काय करायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. सात माणसं गोल करून उन्हात उभी. बसायला एकच बाक, तोही मोकळ्यात, नाटकाच्या रंगमंचावर ठेवल्यासारखा. दोघी आया त्यावर टेकल्या. मामानं उदार होऊन पोरांना फिरून यायला सांगितलं. दोघं राजस्थानी खेड्याच्या दिशेनं निघाली आणि आम्ही पाच जण त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ती कितीही लांब गेली तरी दिसतच राहिली. मुलाची आई म्हणाली, "पोरगी चालती सरळ." माझ्या डोक्यात तिडीक गेली. धाकटी थोड्या वेळानं तशीच परत आली.

"विचारलंस?" मी हळू विचारलं.

"भोंग्यात काही ऐकू येत नाही. ओरडून विचारू का? आणि पाठीत सगळ्यांचे डोळे."

गावात सगळ्यांना मोकळी जागा पाहिजे, असं पत्रक मी किती वेळा वाटलं होतं. त्या पत्रकात आणखी एक ओळ हवी होती. मोकळ्या जागेत एक आडोसाही पाहिजे, नाहीतर ती नुसती पहाऱ्याची जागा होते.

करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून सगळे चालत आकाशपाळण्यापर्यंत गेलो. तिथं मात्र भोंगा नव्हता. धाकटीनं ते माझ्याआधी हेरलं. ती सरळ पाळणावाल्याकडे गेली आणि दोघांना बसवा म्हणाली.

"दोघांसाठी सुरू करत नसतो," तो खुर्चीवरून न उठता म्हणाला. "एका अंगाला ओढतो पाळणा. समोरासमोर वजन लागतंय. सगळे बसा, नाहीतर राहू द्या."

"आमी कशाला?" मामा दोन पावलं मागं सरला. "आमचं वय हाय का?"

"मामा, आपण सहज आलोत ना?" मी म्हणाले. "मग इथं येऊन पाळण्यात बसायचं नाही तर काय करायचं?"

पाळणावाल्यानं आमच्याकडे एकदा नजर फिरवली आणि बसवायला लागला. मुलगा आणि धाकटी एका खोक्यात. त्यांच्या बरोबर समोरच्या खोक्यात मामा, एकटा.

"मी एकटाच?"

"तुमच्यात दोघं बसतेत," पाळणावाला म्हणाला. पहिल्यांदाच मुलाची आई हसली.

दोघी आयांच्या समोर मी आणि मुलाचे वडील. पाळणा हलला तसे त्यांनी डोळे मिटले आणि दांडा घट्ट धरून "शिवा, शिवा" सुरू केलं. मी मान वळवून धाकटीच्या खोक्याकडे बघत होते. ती काहीतरी बोलली. मुलगा खाली बघत होता, मग त्यानं तिच्याकडे बघितलं. तो बराच वेळ बोलला. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ती वर होती तेव्हा मामा खाली होता, आणि तो वर गेला की त्याचा "थांबव रे" ऐकू यायचा.

खाली उतरल्यावर आईनं तिला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं.

"तो लातूर सोडणार नाही," धाकटी म्हणाली. "शिकवणी तिथंच आहे, पोरं तिथंच आहेत. मला म्हणाला, तुम्ही या, लातुरात लॅबा लई आहेत. मी म्हणाले, मी माझी सोडणार नाही. झालं."

मामा अजून धापा टाकत होता. "हे सांगायला इतक्या वर जायची गरज होती?"

"होती," ती म्हणाली. म्हणताना ती मुलाकडे बघत होती. तिला तो मुलगा आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. मला तर आधी हायसंच वाटलं होतं.

देवळाला दुसरं दार असतं. पटलं नाही की माणसं त्या दारानं निघून जातात. या पार्काला दारही एकच आणि त्याच्याकडे जाणारा रस्ताही एकच. नकार झाला होता, पण तो नकार नव्हता, कारण आम्ही सहज भेटलो होतो; तेव्हा रागानं पुढं जाणंही शोभेना आणि मागं रेंगाळणंही. सातही जण एकत्र निघालो. मुलाची आई आणि माझी आई बरोबरीनं चालत होत्या. मामा आणि मुलाचे वडील सोयाबीनच्या भावावर आले. मी मनातल्या मनात पार्काच्या मालकाला पत्रक लिहीत होते.

पुढं ती दोघं चालत होती. आता त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. भोंग्याच्या वर आवाज काढून मुलगा त्याच्या कुठल्याशा विद्यार्थ्याची नक्कल करून दाखवत होता, जो प्रत्येक गणित उलट्या बाजूनं सोडवायचा. धाकटी हात हलवून सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगत होती. मधेच दोघं थांबली, तिनं बोटांनी हवेत काहीतरी काढून दाखवलं, आणि तो ते नीट बघत उभा राहिला.

आई माझ्या कानाशी आली. "न्हाई म्हणली ना ती?"

"हाव."

"मग आता काय बोलून राहिले हे?"

मी सांगितलं की लॅबचं आणि गणिताचं. आईनं लांबच्या फाटकाकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "जरा हळू चल मग. घाई काय आहे."