बागांच्या शहरातलं गाऱ्हाणं

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "कसं होतं मुलाचं शहर?" मी सांगते, बागा फार. यावर मांडवीतल्या आमच्या शेजारणी खो खो हसतात. रत्नागिरीची बाई बागा बघायला समुद्रापार गेली, म्हणजे हसण्यासारखंच आहे. मीही हसते, कारण पुढचं सांगायला अंगात त्राण नाही. प्रवासाचा शीण आठवड्याभरात उतरतो म्हणतात. माझा अजून उतरलेला नाही.

मुलगा आणि सून न्यूझीलंडला असतात, दोघंही नोकरी करतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे वसंत भरात होता. आपल्याकडे ते दिवाळी आटपून आंब्याच्या कलमांखालचं गवत काढायचे दिवस. मुलाने रजा काढली होती आणि ती सगळी त्याने आम्हाला बागा दाखवण्यात घालवली. गुलाबांची बाग, नदीकाठची बाग, काचेच्या घरात गरम हवा सोडून वाढवलेली केळ. ती केळ बघायलाही रांग! लोकांच्या घरापुढच्या बागा तर विचारूच नका. कुंपणावरून डोकवायचं, छान म्हणायचं, की पुढचं घर. माझ्या गुडघ्यांनी दुसऱ्याच दिवशी संप पुकारला. यजमान पाठीमागे हात बांधून प्रत्येक झाडाखाली थांबायचे, वर बघायचे आणि विचारायचे, "ह्याला धरतं काय?" काही धरत नाही, नुसती फुलंच येतात, असं कळलं की पुढे चालू लागायचे.

शहराच्या एका अंगाला डोंगर, पार मागचे बर्फाचे, आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मुलगा मधेच गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "बघ आई, अगदी रत्नागिरी ना?" डोंगर दिसला की रत्नागिरी, समुद्र दिसला की रत्नागिरी. एका वळणावर काळा खडक दिसला तर म्हणे, आपला कातळच जसा. मी त्या समुद्रात पाय घातला तर पोटरीपर्यंत कळ गेली, इतकं गार पाणी. किनाऱ्यावर मासळीचा वास नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. मी म्हणायची, "हो रे, अगदी." आधी कौतुकाने म्हटलं, मग सवयीने, आणि पुढे पुढे मला त्या प्रश्नाचाच वीट आला. तो आम्हाला काहीतरी पटवत होता आणि थोडं स्वतःलाही, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

जाताना तो सांगून गेला होता, चार-पाच वर्षं काढतो आणि येतो. ती वर्षं केव्हाच सरली. आम्ही माडीवर त्याच्यासाठी खोली काढली, मोठी खिडकी ठेवली. दर गणपतीला ती खोली मी झाडते, पुसते आणि परत कडी घालते. गावाकडची कलमं आता यजमानांना झेपत नाहीत. झाडावर चढायला माणूस मिळत नाही, फवारणीचं औषध अंगावर उडालं की त्यांना चार दिवस खोकला. म्हणून मी मनाशी ठरवून गेले होते, की या खेपेला त्याला सरळ विचारायचं, तू परत कधी येणार? बाकी मला त्या देशाकडून काही नको होतं. पण विचारायला वेळच सापडेना. फिरून आलो की तोही थकलेला, मीही थकलेली. मग आमटी-भात आणि अंथरूण.

शेवटी एकदा जेवताना त्यानेच तोंड उघडलं.

"आई, बाबा, आम्ही इथे घर घेतलंय. या रविवारी चावी मिळेल." सून माझ्याकडे न बघता कोशिंबीर वाढत होती. "आम्ही आता इथेच राहायचं ठरवलंय. बाबा, राहायला जायच्या आधी तुम्ही गाऱ्हाणं घाला. तुमच्याच तोंडचं हवं."

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. लग्न ठरलं, विहीर खणायची आहे, नवीन होडी पाण्यात सोडायची आहे, की घरातला किंवा वाडीतला जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो, देवा, हा अमुक तुझ्यापुढे आलाय, त्याचं अमुक मागणं आहे. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकाने जरी तोंड मिटून घेतलं तरी ते गाऱ्हाणं अर्धवट राहतं, असं मानतात. आमच्या वाडीत हे काम यजमानांचं. त्यांचा आवाज मोठा, आणि शब्दाला अडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामाला गेल्यावर मी यजमानांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही नाही म्हणून सांगा त्याला."

"अगो, पोरगा गाऱ्हानं घाला म्हनतो. न्हाय कसा म्हनू?"

"मग मागणार काय देवाकडे?"

"तो सांगंल ता."

"आणि आपलं काय?"

त्यांनी चहाचा कप विसळून उपडा घातला. "गाऱ्हानं ज्याचं त्याचं आसतं," म्हणाले. "त्यात आपला घुसडायचा नसतो."

मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलायची ताकदही नव्हती.

रविवारी आम्ही त्या रिकाम्या घरात गेलो. सुनेने भारतीय दुकानातून नारळ आणला होता, किडमिडा आणि महाग. आत उदबत्ती लावली तर छतावरची धुराची घंटा किंचाळायला लागली, म्हणून सगळे मागच्या अंगणात आलो. तिथेही बाग होतीच. मुलाने मोबाइलमध्ये बघून आपलं गाव कोणत्या दिशेला येतं ते दाखवलं. यजमानांनी लोकरीची टोपी काढली, बूट-मोजे काढले आणि ओल्या गवतात त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. वारा असा बोचरा होता की माझ्या डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं ह्या परमुलखात तुज्याम्होरं हुबी हायत!"

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्याकडनं काय चुकलंमाकलं आसंल, तर ता पदरात घे!"

"व्हय म्हाराजा."

इथवर मी सगळ्यांबरोबर म्हटलं. मग यजमान थांबले. शब्दाला कधी न अडणारा माणूस नारळाकडे बघत उभा राहिला. शेजारच्या घरात कोणीतरी गवत कापायचं यंत्र बंद केलं.

"ह्या तुज्या पोरानं हितं घर केलंन. त्येला हितंच सुकानं नांदू दे. त्येचा पाय ह्या मातीत घट कर. त्येचं मन मागं वडू नको!"

मुलगा आणि सून म्हणाले. माझं तोंड उघडेना. यजमान पुढचं वाक्य बोलेनात, मान न वळवता तसेच थांबले. त्यांना माझा आवाज हवा होता. मला वाटलं, आता सांगून टाकावं की मी याला व्हय म्हणणार नाही, मला माझा मुलगा परत हवाय. मी मुलाकडे बघितलं. घर मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठे दिसला नाही. नोकरी, पैसा, कागदपत्रं, सगळं त्याने एकट्याने जमवलं होतं, आणि हा एवढा एक शब्द मात्र त्याला माझ्याकडूनच हवा होता. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की मला त्याची फार दया आली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गरजेपेक्षा मोठ्याने म्हटलं.

मला वाटलं, संपलं. सूनही चपला घालायला वळली. पण यजमानांनी नारळ खाली घेतला नाही.

"आनि आमी दोगं म्हातारी तिकडं हाव," ते म्हणाले. आवाज आता मोठा नव्हता. "आमाला तुजाच आधार. आमचं काय बरंवाईट झायलं आनि ह्येला येळेवर येता न्हाय आलं, तर त्येचा दोष ह्येला लावू नको."

सुनेने ओठ हलवले. मी म्हटलं. मुलगा गप्प. खाली मान घालून गवताकडे बघत राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. यजमान नारळ धरून तसेच उभे, ओल्या गवतात अनवाणी. गाऱ्हाणं अर्धवट ठेवून कोणाला आत जाता येत नव्हतं.

"म्हण रे," मी म्हटलं. "बाबांना थंडी वाजतेय."

मग तो म्हणाला.