गुणाजी घाडीचं काम परत येतं

चिंचपोकळीच्या त्या गल्लीत गुणाजी घाडीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: त्याचं काम परत येत नाही. त्याने जोडलेली वस्तू भंगारात जाईल, पण जोड सुटणार नाही. ही कीर्ती त्याने मिलमधून आणली होती. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, तो फिटर होता आणि त्याचा हात लागलेला साचा सहा-सहा महिने कुरकुरत नसे. त्याचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यावर खूश असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसं नव्हतं. "गुण्या, एखादा नट उद्यासाठी ठेवत जा रे," तो म्हणायचा. "सगळं आजच घट्ट केलंस तर साहेब विचारेल, एवढे फिटर पोसायचे कशाला?" गुणाजीला हे बोलणं शिवीसारखं झोंबायचं. अर्धवट काम करणारा माणूस त्याच्या मते चोरच होता.

मग ब्याऐंशीचा संप झाला. त्याबद्दल गिरणगावात इतकं बोलून झालंय की मी आणखी भर घालत नाही. गुणाजीपुरतं सांगायचं तर मिल सुटली, आणि कणकवलीकडच्या ज्या मुलीशी त्याचा साखरपुडा झाला होता तिच्या बापाने दीड वर्ष वाट बघून तिला एका एसटी कंडक्टरला देऊन टाकलं. गुणाजीने त्या बापाला कधी दोष दिला नाही. पण तेव्हापासून एखाद्या बाईला काही विचारायचं म्हटलं, अगदी किती वाजले एवढंच जरी, तरी त्याची जीभ टाळूला चिकटायची. अशी पंधरा वर्षं गेली. वहिनीने, म्हणजे रमाबाईने, स्थळं आणायची कधीच सोडून दिली होती.

पोटासाठी तो गणपतीच्या डेकोरेशनवाल्यांकडे लागला आणि तिथे फायबरचं काम शिकला. काचेच्या तंतूंची मॅट पसरायची, त्यावर रेझिन थापायचं, रेझिनमध्ये हार्डनर मोजून घालायचा. सुकलं की दगड. पुढे मिलमधलाच दोस्त हरेश्वर याला बरोबर घेऊन त्याने गल्लीत पत्र्याची शेड धरली. गुणाजीने जोडायचं आणि हरेश्वरने रंग मारायचा. टॅक्सीचे मडगार्ड यायचे, टेम्पोचे बंपर यायचे, आणि सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत स्पॉयलर यायला लागले.

हे स्पॉयलरचं खूळ मोठं मजेशीर होतं. ज्याला त्याला आपल्या मारुतीला मागे शेपूट हवं होतं. वेगातली गाडी वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून ती पट्टी असते म्हणतात. लालबागच्या नाक्यावर हातगाडीच्या मागे अर्धा तास खोळंबलेली गाडी वारा कशाला उचलेल, हे गुणाजीला कधी कळलं नाही. पण गिऱ्हाईकाला असलं काही विचारायचं नसतं.

मार्चमधल्या एका दुपारी शेडच्या तोंडाशी एक जुनी पांढरी मारुती उलटी आली. उलटी म्हणजे रिव्हर्समध्ये, आणि तीही अशा तडफेने की हरेश्वरने प्रायमरचा डबा पोटाशी धरून बाजूला उडी मारली. गाडीतून कासोटा घातलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेली एक बाई उतरली. ती शिवडीच्या कोळीवाड्यातली तुळसा. गिरगाव-दादरच्या खानावळींना ती पापलेट-सुरमई पोचवायची. टेम्पोवाला रोज उशीर करतो म्हणून तिने चाळिशीत लायसन काढलं होतं आणि दादरच्या एका कारकुनाकडून ही गाडी घेतली होती. कारकुनाच्या मुलाने हौसेने लावलेला स्पॉयलर गाडीबरोबर आला होता.

"मिस्तरी कोण तुमच्यात?" तिने विचारलं. हरेश्वरने गुणाजीकडे बोट दाखवलं.

"हिची शेपटी बघ. हलते."

गुणाजीने बघितली. रंगाचे पापुद्रे सुटले होते, बुडाशी बोटभर चीर गेली होती आणि आतले बोल्ट गंजले होते. तो काही बोलायच्या आत तिने स्पॉयलर मुठीत धरून डिकी धाडकन खाली ओढली. तेव्हा रोग कळला.

"बाई, डिकी लावताना ह्याला धरू नका," तो म्हणाला. कामाबद्दल बोलताना त्याची जीभ जरा मोकळी असायची.

"मंग कशाला धरू, तुझ्या कानाला?"

गुणाजी हसला. हरेश्वर पुढे कितीतरी दिवस गल्लीत सांगत होता की संपानंतर ह्याचे दात मी पहिल्यांदा त्या दिवशी बघितले.

चीर खरवडून, मॅट बसवून, रेझिन सुकेपर्यंत तीन तास लागणार होते. तुळसा घरी गेली नाही. रिकाम्या ड्रमवर बसली, चहा मागवला आणि बोलत सुटली. नवरा काविळीने गेला त्याला नऊ वर्षं झाली होती, मुलगी उत्तनला दिली होती. ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर गाडीत बसायच्या आधी कसा हात जोडायचा तेही तिने करून दाखवलं. मग तिने गुणाजीला विचारायला सुरुवात केली, आणि तो चक्क सांगायला लागला. साचे चालू असताना कानात बोलायची पद्धत कशी होती ते सांगितलं, कणकवलीची गोष्टही सांगितली. "बरं झालं," तुळसा म्हणाली, "कंडक्टरची बायको झाली ती. तुझी झाली असती तर ह्या रेझिनच्या वासानं मेली असती." पंधरा वर्षं जपलेल्या दुःखाची अशी वासलात लागलेली बघून गुणाजीला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला एकदम हलकं वाटलं.

स्पॉयलर पक्का बसला, ती हॉर्न वाजवत गेली आणि शेड ओकीबोकी झाली. रात्री जेवताना रमाबाईने विचारलं, "गुणाजी, आमटीत मीठ घालूक मी इसारलंय. तुका कळाक नाय?" त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला दुसरंच काहीतरी कळलं होतं. आपलं काम परत येत नाही. म्हणजे तीही परत येणार नाही.

जन्मात पहिल्यांदा गुणाजीने स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या. पुढचे दोन महिने तुळसाची गाडी कधीमधी नाक्यावरून जायची. मागे स्पॉयलर कसा ताठ, हलायचं नाव नाही. तो त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसा बघायचा.

मे महिन्यात देवाला दया आली. भाऊच्या धक्क्यावर एक टेम्पो रिव्हर्समध्ये आला आणि तुळसाच्या गाडीची शेपटी मोडली. ती तावातावाने टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत शेडमध्ये शिरली, आणि गुणाजीला त्या टेम्पोवाल्याला हार घालावासा वाटला. पुन्हा ड्रम, पुन्हा चहा, पुन्हा तीन तास. निघायची वेळ जवळ आली आणि नट आवळता आवळता गुणाजीचा हात थांबला. त्याने रबरी वॉशर खिशात टाकले. आतल्या बाजूने मॅटचा एक थर तर त्याने आधीच कमी घातला होता.

"वॉशर राहिले," हरेश्वर कुजबुजला.

"राहू देत."

हरेश्वरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग तुळसाकडे बघितलं, आणि तो रंगाचा ब्रश धुवायला लागला. शहाणा माणूस होता.

अकराव्या दिवशी गाडी आली. "सुटला रे मिस्तरी," तुळसा म्हणाली. गुणाजी इतका आनंदला की त्याने सुटलेला जोड नीट बघितलासुद्धा नाही. पुन्हा वॉशर खिशात, पुन्हा थर कमी. हवेत दमटपणा आला होता, रेझिन सुकायला आता चार तास लागत. गुणाजीला तो ऋतू फारच आवडला. तुळसा येताना डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन आली होती, तेही तिघांनी तिथेच संपवलं.

पण गल्लीला डोळे असतात. घाडीचं काम परत येतंय, ही बातमी पानवाल्यापासून बाटलीवाल्यापर्यंत पोचली. एका टॅक्सीवाल्याने ठरलेला बंपर दुसरीकडे नेला. "हात गेला बिचाऱ्याचा," कुणीतरी म्हणालं, आणि ते गुणाजीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. रात्रभर त्याला तो जॉबर आठवत राहिला. तरी सकाळी उठून त्याने दाढी केली आणि तो गाडीच्या हॉर्नची वाट बघत बसला.

नवव्या दिवशी ती आली ती बातमी घेऊनच. "करी रोडच्या पुलावर पडला बघ. मागनं स्कूटरवाला येत होता, बायको-पोर घेऊन. थोडक्यात वाचला."

गुणाजी पांढराफटक पडला. तुळसा पुढे काय बोलत होती ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याला रस्त्यात पडलेली स्कूटर दिसत होती. "गाडी दोन दिवस ठेवून जा," तो एवढंच म्हणाला. चहासुद्धा मागवला नाही.

ते दोन दिवस त्याने जुन्या स्पॉयलरला हातही लावला नाही. फायबर ओतायला नवीन साचा काढला, पाच थर घातले, आत लोखंडी पट्टी पुरली, चाराच्या जागी सहा बोल्ट दिले आणि प्रत्येकाला दुहेरी वॉशर लावले. तो तिला भेटायचा शेवटचा मार्ग आपल्याच हाताने बुजवत होता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. हरेश्वर न राहवून म्हणाला, "अरे, सरळ विचार ना तिला." गुणाजीने नाही म्हणून मान हलवली. पंचविसाव्या वर्षी बेकार म्हणून नाकारला गेलेला माणूस चाळिशीत काय तोंडाने विचारणार? तिने हसून उडवून लावलं असतं तर शेडमधला तो ड्रमसुद्धा त्याला बघवला नसता.

तुळसा गाडी न्यायला आली. तिने स्पॉयलर ओढला, हलवला, शेवटी दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून बघितलं. गाडी मागून खाली दबली, पण स्पॉयलर हलला नाही.

"आता हा तुटायचा नाय?" तिने विचारलं.

"गाडी मोडीत जाईल, हा नाही जायचा."

"असं," ती म्हणाली. गाडीत बसली आणि हॉर्न न वाजवता गेली.

तीन आठवडे गेले. गल्लीत त्याचं नाव पुन्हा वर आलं, टॅक्सीवाला परत आला, आणि गुणाजी दिवसेंदिवस सुकत चालला. रमाबाईने दृष्ट काढली. आमटीत तिने मीठ दुप्पट घातलं, तरी तो मुकाट्याने जेवला.

चौथ्या रविवारी गाडी आली. तुळसा उतरली ती बगलेत स्पॉयलर घेऊनच, आणि तिने तो फळीवर दणकन आपटला. गुणाजीने वाकून बघितलं. फायबर शाबूत होतं. सहाही बोल्ट जागच्या जागी होते आणि प्रत्येक बोल्टाला डिकीच्या पत्र्याचा वाटोळा तुकडा अडकलेला होता. पत्र्याच्या कडा दातऱ्या झाल्या होत्या.

"हा कसा तुटला?"

"तुटला नाय, तोडला. दोन कोयते फुकट गेले. मंग भावाची होडी दुरुस्त करायची छिन्नी आणली." तिने पदराने कपाळ पुसलं. "काय माणूस हायस रे तू. बाईनं यायचं तरी कसं?"

गुणाजीला आधी काही उमगलं नाही. "म्हणजे करी रोडला..."

"करी रोडला काय पडला नाय. घरामागं वरवंट्यानं हाणला. त्याच्या आधीचा पण वरवंट्यानंच. टेम्पो तेवढा खरा होता."

"स्कूटरवाला?"

"कुठला स्कूटरवाला? तू जरा घाबरशील, चार शब्द जास्त बोलशील म्हणून सांगितलं. तर तू बोलत होतास ते पण बंद केलंस."

गुणाजी ड्रमवर बसला. पहिल्यांदा मनात आलं ते फिटरचंच: वॉशर नव्हते, थर कमी होता, तरी जोड आपणहून सुटला नव्हता, वरवंटा लागला होता. या विचाराने त्याची छाती फुगली. मग बाकीचा अर्थ डोक्यात शिरला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी वॉशर घालत नव्हतो," तो म्हणाला. "मुद्दाम. मॅटचा थरही चोरत होतो."

"कशाला?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

तुळसाने हरेश्वरकडे बघितलं. हरेश्वरने कोर्टात साक्ष द्यावी तशी गंभीरपणे मान डोलावली. मग ती हसायला लागली. फळीला धरून हसली, खाली बसून हसली, गजरा सुटून मानेवर आला तरी हसत राहिली, आणि मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही सगळंच हसण्याचं नव्हतं.

"मेल्या, तोंडानं बोलायला काय झालं होतं तुला?"

"मला विचारता येत नाही."

"विचारून तर बघ."

गुणाजी उठला. हाताला रेझिन होतं, ते त्याने पँटला पुसलं. "तुळसाबाई, माझ्याशी लग्न कराल?" त्याने विचारलं. वाक्य एका दमात बाहेर पडलं, कुठे अडकलं नाही.

"आमच्यात विधवेचं लगीन नाय, पाट लावतात," तुळसा म्हणाली. "आणि मला बाई म्हणणाऱ्याशी मी लावत नाय. बस गाडीत. भावाला विचारायचं नाय, नुसतं सांगायचं हाय."

गाडी निघाली. डिकीला सहा भोकं होती आणि त्यांतून वारा सरळ आत येत होता. शेडच्या दारात उभ्या असलेल्या हरेश्वरला गुणाजीचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता: तुझा भाऊ तापट आहे का, तुला आमच्याकडची सोलकढी चालेल का, उत्तनला मुलीला कधी सांगायचं, तू गाडी इतकी जोरात का चालवतेस. काळाचौकीचा सिग्नल आला तरी तो विचारतच होता.