नथ्थूकाकांच्या चिठ्ठ्या

नथ्थूकाकांनी ट्रॅक्टर कधी समोरून पाहिला नाही. कोणी जुनं धूड ओढत आणलं की ते सरळ त्याच्या पोटाखाली सरपटत जायचे, गिअरबॉक्सवरचा चिकटा चिंधीनं पुसायचे, खडू घासायचे आणि ओतीव लोखंडावर उठलेले आकडे बोटांनी वाचायचे. "बोनट खोटं बोलते भाऊ," खालूनच आवाज यायचा, "लोखंड नाई बोलत."

निवृत्त झालो त्या वर्षी वडिलांच्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप गेला, म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. आमच्या घराण्यात तो इंग्लंडचा म्हणून मिरवत होता. त्या जोरावर दोन सोयरिकी जमल्या होत्या. काका खालून निघाले आणि म्हणाले, टोपी इंग्लंडची, धड रशियाचं. दोन्ही सोयरिकी जागेवर हलल्या. मग माझ्या खिशाकडे पाहून म्हणाले, "पंप भेटते. पण पेन दिसते तुमच्यापाशी. लिहिता येते काय, मुन्शी?"

जन्मभर कचेरीत फायली लिहिणाऱ्याला हा प्रश्न!

मावला गावाच्या रस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टरच्या जुन्या भागांचं दुकान. नियम एकच: चालता भाग नेणाऱ्यानं मोडका तिथंच ठेवायचा. काका तो दुरुस्त करून ढिगात टाकायचे, शिवाय भंगारातूनही भर पडायची. चाळीस वर्षांत दुकान आतून भरत आलं. मधली वाट इतकी अरुंद की श्वास रस्त्यावरच सोडून आत शिरावं लागे. एक मांजर आत गेली ती आजी होऊनच बाहेर आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्याच्या तळाशी, ट्रॅक्टरच्या लोखंडी सीटवर काका, आणि त्यांच्या मागे खिळ्याला भरलेली पिशवी.

पिशवी हैदराबादला जायची. तिथं मुलगी, तिनं बोलावून बोलावून घसा बसवून घेतला. नात शाळेत जाऊ लागली, तरी काकांनी तिला फोनमध्येच पाहिलेलं. पिशवी खांद्याला लागली की दारात कोणाचा तरी ट्रॅक्टर उभा. शिकायला कोणी टिकलं नाही, आणि कुठं काय आहे ते फक्त काकांच्या डोक्यात. ते गेले असते तर वांकिडीपासून मुधोळपर्यंत नांगर उभे राहिले असते. एकदा भोवतीच्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, "म्या यायले नाई कोंडलं मुन्शी. यायनंच मले कोंडून ठेवलं."

तेव्हा मीच उपाय सुचवला. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावू, मग कोणालाही दुकान चालवता येईल. ते सांगणार, मी लिहिणार. दोन हिवाळे लिहीत होतो. 'वांकिडीच्या पाटलाचा पंप.' 'मुधोळच्या गुरुजीचा रेडिएटर.' 'पळून गेलेल्या जावयाचा गिअर.' मी म्हटलं, काका, मॉडेल लिहू, नंबर लिहू. पाटील कोण हे तिऱ्हाइताला काय कळणार?

"नंबर लोखंडावर हायेच. परत काऊन लिहिता?"

आणि प्रत्येक चिठ्ठीबरोबर त्या पाटलाची, त्याच्या ट्रॅक्टरची, तो मोडला त्या दिवसाची गोष्ट. मीही चहा पीत ऐकत गेलो.

शेवटची चिठ्ठी लागली त्या दिवशी एक शेतकरी पंप मागत आला. काका उठले नाहीत. मी वाट पाहिली, मग ट्रॅक्टरखाली शिरलो, खडू घासला, आकडे वाचले. म्हटलं, हा तर पाटलाच्याच जातीचा. पोट आत घेऊन ढिगात घुसलो आणि पंप काढून आणला.

बाहेर येतो तर सीट रिकामी, खिळा रिकामा. काका रस्त्यावर बसच्या पायरीवर. मी ओरडलो, या चिठ्ठ्या कोणाला वाचता येणार?

"तुमाले येते ना," म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसले.

आता सातव्या मजल्यावरून नातीला मांडीवर घेऊन ते अधूनमधून फोन करतात. जुना पंप ठेवून घेतला ना, एवढंच विचारतात. वडिलांचा ट्रॅक्टर अजून दारात आहे. त्याच्या पंपाला हात लावायला सवड होत नाही. खिळ्याला माझी पिशवी आहे, नागपूरला मुलाकडे जायची.

कोणी दारात आलं की मी आधी त्याच्या खिशाकडे पाहतो. पेन दिसलं तर चहा सांगतो.