अलर्टसाठी दिलेला नंबर

बकरी ईदला चार दिवस राहिले होते आणि आटपाडीत आमच्या दारात अडतीस बोकड विकायचे बाकी होते. त्यांच्यासमोर वडील, धाकटा भाऊ, मी आणि सांगलीचा व्यापारी उभे होतो. बोकड आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून चौदा हजारांना विकायचो. ती दोन दिवस बंद पडली होती आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. साइट बंद पडली की मोबाइलवर लगेच मेसेज येण्याची सोय होती. पण गॅसच्या कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत आमच्या घरात नंबर थोरल्या माणसाचाच द्यायचा, म्हणून भावाने तिथेही वडिलांचाच दिला होता.

आता त्यानेच ते मेसेज उघडून वडिलांसमोर धरले. "आबा, वाचा की मोठ्यानं."

"इंग्रजी हाय रं. मला वाटलं बँकेची जाहिरात आसंल."

"मग नंबराचा मान कशाला पायजे तुमाला? मोबाइल बोकडाच्या गळ्यात बांधला असता, तर त्यो वरडला तरी असता."

व्यापारी खदाखदा हसला आणि हसत हसतच बोकडामागे नऊ हजारांवर उतरला. ईदनंतर तेवढेही मिळाले नसते, म्हणून आम्ही हो म्हटलं.

आजवर व्यापाऱ्याचे पैसे वडीलच घ्यायचे. त्यांनी हात पुढे केलाही. व्यापाऱ्याने तीन लाख बेचाळीस हजार भावाच्या हातात दिले.