फटफटीवरची माझी जागा

मी सुईणकाम शिकलेली नर्स. कर्जतच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि आसपासच्या गावांतली बाळंतपणं माझ्याकडे असायची. जायचं कसं, तर बैलगाडीने, नाहीतर पायी. कडावच्या एका सुनेचं पहिलं बाळंतपण असंच हुकलं. तिचा सासरा स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आला होता, पण जाण्यायेण्यातच निम्मा दिवस गेला. मी पोचले तेव्हा मूल गेलं होतं. त्याच म्हाताऱ्यानं मला परत घरी सोडलं. वाटभर एक अक्षर बोलला नाही. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे पंचेचाळीस साली लढाई संपली आणि लष्कराच्या मोडीतली एक जुनी फटफटी आमच्या ह्यांनी दोन पोत्यांत भरून घरी आणली. हे रेल्वेत फिटर. मी विचारलं, फटफटी आणलीत की भंगार? तर म्हणाले, "तुझ्या कडावसाठी आणलीय." मी एका पोत्याचं टोक धरून ते पडवीत ओढायला लागले.

पाच-सहा महिने आमची पडवी म्हणजे कारखाना. माझ्या कणकेच्या परातीत नटबोल्ट रॉकेलमध्ये पोहत होते. त्या परातीवरून मी जो तमाशा केला तो सगळ्या आळीनं ऐकला. इंजिन जुळलं, पण त्याचे नखरे किती! सकाळी पहिल्या लाथेला सुरू, आणि तापलं की भर रस्त्यात गप्प. ह्यांनी प्लग बदलला, टाकीतला गंज धुतला, पेट्रोल माझ्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळलं. शेवटी सापडलं ते एवढंसं: कार्बोरेटरच्या सांध्यातून हवा शिरत होती. जाड पुठ्ठा कापून, तेलात भिजवून मधे बसवला, आणि इंजिन ताळ्यावर आलं.

पुढची कटकट वेगळीच. हे एकटे चालवत तेव्हा गाडी सरळ जाई. मी मागे बसले की हँडल थडथडायला लागे आणि पुढचं चाक डावीउजवीकडे झोके खाई. ह्यांनी चाकाच्या तारा ताणल्या, बेअरिंग पुन्हा बसवलं, हवा कमीजास्त केली. छे! एकदा नदीच्या पुलाशी आम्ही दोघं धुळीत लोळलो. माझा गुडघा फुटला आणि मी सांगून टाकलं की ह्या अवदसेवर पुन्हा बसणार नाही. ह्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

आठवड्याभरात कडावचा तो म्हातारा भाताची गाडी घेऊन गिरणीवर आला, तसा आमच्याकडेही आला. सुनेला पुन्हा नववा लागलाय, एवढं त्यानं सांगितलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. ह्यांनी अंगणातली फटफटी दाखवून तिचं दुखणं सांगितलं. म्हातारा म्हणाला, बसा दोघं, बघू दे. आम्ही नेहमीसारखे बसलो. आता नेहमीसारखे म्हणजे कसे? भर बाजारातून नवऱ्याच्या पाठीला चिकटून जायचं, तर लोक काय म्हणतील! म्हणून मी दोघांच्या मधे बाळंतपणाची पेटी ठेवी, आणि तिच्यामागे, पार कॅरिअरच्या टोकाला, एका बाजूला पाय सोडून बसे.

म्हातारा चाकाकडे वाकलासुद्धा नाही. "बाई, गाडी उलाळ केलीत तुमी," म्हणाला. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि गाडी ताब्यात राहत नाही, ते उलाळ. इथे मी आणि पेटी मिळून पुढचं चाक हलकं करत होतो. ह्यांनी कपाळावर हात मारला. पेटी पुढे टाकीवर बांधायची आणि मी पुढे सरकायचं, बस्स. मी पुटपुटले, बाजारातून असं कसं जायचं?

"लाज धरून बसाल तर पुन्ना उशीर व्हईल, बाई."

पहिल्या खेपेबद्दल तो माझ्याशी जे काही बोलला ते एवढंच.

पंधरा दिवसांनी उजाडताना निरोप आला. पेटी टाकीवर बांधली, पदर खोचला आणि ह्यांच्या कमरेला घट्ट धरून बसले. वाणी दुकानाची फळी हातात धरून बघतच राहिला. बघू दे मेल्याला! हँडल एकदाही थडथडलं नाही. पोचले तर सून अडलेली, मूल पायाळू. पण वेळ हाताशी होता. तासाभरानं मुलगी झाली, आणि तिनं टाहो फोडला तो ओटीपर्यंत गेला. म्हातारा उठून गोठ्यात गेला आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला. मग त्यानं फटफटीच्या टाकीला हळदकुंकू लावलं. माझ्या उशिरानं ज्याचं नातवंड गेलं, त्यानंच मला वेळेवर पोचायला शिकवलं. त्याचे उपकार मी जन्मभर विसरले नाही.

परत निघताना हे म्हणाले, आता घाई नाही, हवं तर मागे सरकून बस, मी हळू नेतो.

"नको," मी म्हटलं, "गाडी उलाळ होईल."

हळू चालवली असती तर काहीही झालं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.