भूत थांबवणारे सेक्रेटरी

भूत दाराशी आलं, की आमचे सेक्रेटरी व्हीसीआरचं बटण दाबायचे. भूत बिचारं एक पाय उंबऱ्यात घालून थरथरत उभं. मग टीव्हीकडे पाठ करून, चष्मा पुसत सेक्रेटरी विचारायचे, "मंडळी, ह्यो भूत न्हाई, पगारी नट हाय, ह्याला ऱ्हाऊ द्या. लाळ्या-खुरकुताची लस कुणाच्या जनावराला टोचायची ऱ्हायली?"

केज तालुक्यातल्या आमच्या गावात सहकारी दूध संस्था होती. मी तिथे दुधाची फॅट तपासायचो. जनावरांच्या आजारांच्या कॅसेटी दाखवायला संस्थेने टीव्ही घेतला होता. पण त्या बघायला काळं कुत्रं फिरकत नसे. म्हणून सेक्रेटरींनी शक्कल लढवली. केजहून भुताचा सिनेमा भाड्याने आणायचा आणि त्याच्या मधोमध म्हशीचा गोठा घुसवायचा. भुताचं पुढे काय होतं या ओढीने माणसं बसून राहायची आणि गोचिडांचं भाषण निमूट ऐकून घ्यायची.

माझा पुतण्या पुण्यात सिनेमाचं शिकतो. तो म्हणाला, "काका, याला उत्तर-आधुनिक तंत्र म्हणतात. भयपट मध्येच तोडायचा, हा सिनेमा आहे याची प्रेक्षकाला आठवण करून द्यायची, भलतंच काहीतरी त्यात आणून चिकटवायचं." असेल बाबा. आमच्या सेक्रेटरींना आधुनिक म्हणजे संकरित गाय एवढंच ठाऊक.

दुष्काळाच्या साली मात्र हे तंत्र अंगाशी आलं. त्या सिनेमातली हडळ बारवेतून वर यायची, आणि बारवही थेट आमच्या गावच्यासारखी, खोल पायऱ्यांची. हडळ निम्म्या पायऱ्या चढून आली आणि वीज गेली. ना बटण, ना लस, ना शेवट. माणसं अंधारात तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून बायका बारवेवर जाईनात. गावात पाणी उरलं होतं ते तेवढ्याच बारवेच्या तळाला, आणि टँकरचा काही भरवसा नव्हता. दावणीला म्हशी हंबरायच्या. दूध रोज घटत होतं. असंच चाललं तर संस्थेला कुलूप लागणार, हे आम्हाला दिसत होतं.

सेक्रेटरींनी पुन्हा वीज असताना सगळ्यांना बोलावलं आणि कॅसेट उलटी फिरवून दाखवली. हडळ उलट्या पावली, टुणटुण पायऱ्या उतरत पाण्यात गडप झाली. लोक पोट धरून हसले. सेक्रेटरी खूश झाले. तेवढ्यात मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्हंजी आता ती बारवंतच हाय की."



सकाळी सेक्रेटरींनी घरची घागर उचलली आणि स्वतः बारव उतरू लागले. बायका वर काठावर उभ्या. खालून आवाज येत होता, सिनेमाची गोष्ट सांगावी तसा: "आता सेक्रेटरी खाली चाललेत. धोतर सावरलं. कोनाड्यात पारवा हाय, हडळ न्हाई. आता घागर बुडाली." वर हशा पिकला. दुसऱ्या खेपेला चार बायका त्यांच्या मागे उतरल्या. पुढे उन्हाळाभर रोज पहिली घागर सेक्रेटरींची असायची, आणि वर्णन चालूच. संस्था तगली.

सेक्रेटरी वारले तेव्हा मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेलो. माणूस मोठा धीट होता, असं मी मनापासून म्हणालो. काकूंनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"कशाचे धीट? लई भित्रे. त्या उन्हाळ्यात रोज झोपंतून वरडत उठायचे. मी म्हणायची, नका जाऊ, गावाला काय तुमी लिहून दिलंय का? घामानं सदरा भिजलेला असायचा. तसंच उठून घागर घ्यायचे. म्हणायचे, म्हशी तहानल्यात गं. आन् जायचे."