एक हात, वर चार बोटं

"हँड बुके मागवला तर त्या बाईनं हातभर माळ धाडली की गं."

नवरीची मावशी सांगत होती. खोलीतल्या बायका वाक्य संपायच्या आधीच हसायला लागल्या होत्या, म्हणजे गोष्ट त्यांच्या कानावर पूर्वीच गेलेली असणार. मी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. नवरी माझी शाळेतली मैत्रीण. निपाणीच्या इंग्लिश मिडियम शाळेत आम्ही दहा वर्षं एका बाकावर बसलो. मावशी चिकोडीची, ती मला ओळखत नव्हती. "त्या बाई"ची मुलगी समोर बसली आहे हे खोलीत फक्त नवरीला ठाऊक होतं, आणि तिला त्या वेळी काजळ घालत होते. डोळे मिटलेले होते.

"आणि म्हातारा काय म्हणाला ठावं हाय?" मावशी म्हणाली. "पोरानं आमच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून फुलं धाडली, का आमास्नी फोटोत घातलं?"

पुन्हा हशा झाला. मीही हसले. ओठ थोडे ताणून. मी कुठेही तशीच हसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती बाई माझी आई. निपाणीत बाजाराच्या तोंडाशी तिचं फुलांचं दुकान आहे. लग्नाआधी ती विड्या वळायची, ते बोटांचं चापल्य नंतर फुलांकडे आलं. गिऱ्हाइकं तिला आक्का म्हणतात. तिच्याकडे फूटपट्टी नाही. माळ हातावर मोजायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं त्यालाच मोळ म्हणतात. आईचा हात आखूड आहे, म्हणून मोजून झालं की ती वर चार बोटं आडवी ठेवते आणि त्यापुढे दोरा तोडते. "माझा हात ल्हान, त्याला गिऱ्हाइकानं का भोगायचं?" असं म्हणते. एक हाताची माळ बहुतेक घरांत कशाला लागते, हेही सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्या माणसाच्या फोटोला ती बरोबर बसते.

नवरीच्या घरातले लग्नाचे हार पूर्वी आईच करायची. मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचे तिनेच केले होते, निशिगंध आणि गुलाबाचे, दोघांच्या उंचीला वेगवेगळे. या वेळी हार बेंगळुरूहून खोक्यातून आले. मैत्रिणीची आई स्वतः दुकानावर येऊन सांगून गेली होती, "पोरांनी मोबाईलवर बघून मागवल्यात आक्का, राग मानू नका." आई म्हणाली, "राग कशाचा त्यात."

खोकं माझ्यासमोरच उघडलं. पांढरं थर्माकोल, आत बर्फाच्या पिशव्या, पातळ कागदात गुंडाळलेले ऑर्किडचे हार. खोटं कशाला लिहू, ते सुंदर होते. एकही पाकळी दुमडलेली नव्हती. हात लावला तर फ्रिजमधल्या भाजीसारखे गार लागले आणि त्यांना कसलाच वास नव्हता, पण फोटोत वास कुठे येतो?

माझ्या पर्समध्ये केळीच्या पानात बांधलेला अबोलीचा गजरा होता. सकाळी आईने दिलेला. "हार न्हाय तर न्हाय. गजरा तरी माळू दे तिनं," असं म्हणून.

ती माळ करण्याआधी आईने मला फोन केला होता, त्याबद्दल मी आजवर कुठे बोलले नव्हते, कारण त्यात चूक माझीच जास्त होती.

लग्नांचे हार कमी होऊ लागले तेव्हा मला वाटलं, आपण शिकलेलो आहोत, काहीतरी करू. शहरातून कुणी ऑर्डर दिली की ती गावातल्या फुलवाल्याकडे पाठवणारी एक वेबसाइट होती. ऑर्डर ते घेणार, फुलं आपण द्यायची, त्यांचं कमिशन कापून घेणार. एका रविवारी मी दुकानातच बसून त्यांचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, इंग्रजी येतं का. मी "हो" वर खूण केली. मला येतं, एवढाच विचार त्यामागे होता. मी बेळगावात नोकरीला असते आणि ऑर्डर निपाणीत आईच्या फोनवर येणार, हे मला माहीत होतं, तरी खूण केली.

पहिल्या दोन ऑर्डरी नीट गेल्या. सोबत फोटो यायचा, आई तो बघून तसंच करायची. सेलोफेनचा कागद आणि रिबीन तिने बेळगावहून आणून ठेवली होती. तिसऱ्या ऑर्डरीचा फोटो उघडेना. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. तेव्हा तिने मला फोन केला.

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. बरोबर चार जणी होत्या, आम्ही इंग्रजीतच बोलायचो. त्या टेबलावर मला निपाणीच्या बोलीत बोलायला नको वाटायचं. फोन कानाला घट्ट धरून मी तोंड वळवलं.

"अगं, एक इचारायचं हुतं. एच, ए, एन, डी. हँड म्हंजे हातच न्हवं?"

"हो."

"तांबडं-पांढरं म्हणून लिवलंय, ते कळलं. हँडच्या फुडं एक लांबडा शब्द हाय बघ. बी, वो, यू, क्यू..."

"हो आई, हातच. ठेवते. नंतर करते."

बुके हा शब्द आईला चांगला माहीत आहे. रोज कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणतं. पण तो बी-ओ-यू-क्यू असा लिहितात, हे तिला कुणी सांगायचं? क्यूनंतरची तीन अक्षरं ऐकायला मला किती वेळ लागला असता, हे मी नंतर कितीदा मनात म्हणून बघितलंय. आणि "नंतर" मी फोन केलाच नाही. विसरले.

आईने तांबडे गुलाब आणि निशिगंध घेऊन एक हात माळ केली, वर चार बोटं. ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाला गेली. पुढचं मावशीने सांगितलंच. मुलाने वेबसाइटकडे तक्रार केली, माळेचा फोटो पाठवला. वेबसाइटच्या माणसाने आईला फोन करून हिंदीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मला इंग्रजी येत नाही, मीच चुकले. त्या दिवसापासून ऑर्डरी बंद झाल्या. आता त्यांची फुलंही खोक्यांतूनच थेट घरी जातात, असं ऐकते.

ऑर्डरी गेल्या त्याचं आईला फारसं वाटलं नसावं. पण निपाणीत गोष्ट पसरली. इतक्या वर्षांत आक्काची माळ आखूड निघाली किंवा चुकीच्या घरी गेली, असं कुणी म्हटलं नव्हतं. आता लोक तिच्या चुकीवर हसत होते, आणि आई स्वतःही त्यांच्याबरोबर हसायची. मी सुट्टीला आले की कुणी ना कुणी तो विषय काढायचंच. आई म्हणायची, "मी अडाणी, काय करतासा." मला विचारलं होतं, हे तिने एकदाही सांगितलं नाही. एवढी फी भरून शिकवलेल्या मुलीने हँडचा अर्थ हात सांगितला, हे लोकांना कळू नये, असं तिला वाटत असावं. मी ते तसंच राहू दिलं.

नवरीचे डोळे उघडले तेव्हा मावशीचा विषय बदलला होता. मैत्रिणीने आरशातून माझ्याकडे बघितलं. तिच्या अंबाड्यावर त्याच खोक्यातली फुलं लावून झाली होती, पिनांनी पक्की. मी पर्स मांडीवर धरून बसले. उठून गजरा द्यायला चार पावलं चालावं लागलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं, कुठला गं हा? अक्षता झाल्या, जेवण झालं, गजरा पर्समध्येच राहिला.

दुपारी दुकानात गेले. आई पाटावर बसून शेवंती गुंफत होती.

"हार कसं हुतं?"

"चांगले होते."

"मोठं हुतं?"

"गुडघ्यापर्यंत."

"मग चांगलंच की." तिने दाताने दोरा तोडला. "गजरा माळला तिनं?"

मी पर्समधून पान काढून तिच्यापुढे ठेवलं. अबोली लवकर कोमेजत नाही. पान उघडलं तर फुलं सकाळसारखीच होती. आईने माझ्याकडे बघितलं नाही. गजऱ्यावर पाण्याचा हात फिरवला आणि तो बाकीच्या माळांशेजारी खिळ्याला अडकवला.

"कोण काय बोललं का तितं?"

"नाही."

"बोलली असतील. बोलू देत."

एवढ्यात पलीकडचे कापड दुकानदार आले. त्यांच्या देव्हाऱ्याला रोज आईची माळ जाते. त्यांनी चपला न काढता दारातूनच हाक दिली.

"आक्का, एक हँड द्या शेवंती."

"देतो की अण्णा," आई हसत म्हणाली. "बुके करून दिऊ का माळच?"

"माळच द्या बाई. फोटोत जायाला अजून टाइम हाय मला."

ते हसले, आईही हसली. ती हात पुढे करून माळ मोजत होती. कोपरापासून बोटापर्यंत झालं, मग वर चार बोटं आडवी ठेवली. बोटांच्या टोकांना शेवंतीचा हिरवा डाग होता. दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, शिकवायचं न्हाय व्हय आईला जरा विंग्रजी?"

आई घाईने म्हणाली, "तिला कुठं वेळ असतोय अण्णा. माझंच डोस्कं चालत न्हाय."

मी खिळ्याला अडकवलेल्या गजऱ्याकडे बघत होते. मग त्यांच्याकडे बघितलं.

"अण्णा," मी म्हणाले, "हँड म्हंजे हात, हे आईला मीच सांगितलं हुतं. ती फुडचा शब्द इचारत हुती, मी फोन ठेवला."